मुर्तेनच्या ठेसनावर सोडलेल्या तीन गाड्या

११ ऑगस्ट, सोमवार

आज लिहितो, उद्या लिहितो करत अठरा दिवस गेले. ही वही मनीषाताईनं झुरिकच्या विमानतळावर हातात दिली होती. म्हणे, पाहिलं ते सारं लिहून काढ. पहिल्या पानावर इंजिन काढलं, त्याचा धूर दुसऱ्या पानावर गेला, तिसऱ्यावर मोटर वाइंडिंगवाल्याचा नंबर. हे चौथं पान.

आळस आहेच. पण खरं कारण तो नाही. लिहायला बसलं की जुलैचा तो शनिवार आधी पुढं येऊन बसते. त्याच्या बाजूनं निघून जाता येत नाही.

सकाळपासून पाऊस. बाबा मिरचीत गेले. माय दारात तांदूळ निवडत शेजारच्या शकूकाकूला स्वित्झर्लंड सांगून राह्यली. (पुढं नुसतं स्वि. लिहीन. एवढं मोठं नाव घडोघडी कोण लिहिते.)

"गजूनं मले रेल्वेनं नेलं एका जुन्या गावाले. कोट हाय भोवताल, कोटावर लाकडाचं छप्पर. वरून पानी पडे अन् आमी कोटावरून कोरडे चाललो."

"पोरगं गुनाचं हाय वो तुमचं. आमचं तं शेगावलेई नेत नाई, अन् शेगाव थे काय, इथून हाकेवर."

गुणाचं. मी आत होतो. ऐकलं अन् मागच्या दारानं निघून गेलो. पाऊस होता तरी.

१३ ऑगस्ट

काल लिहिणार होतो. बाबांची विहिरीवरची मोटर पुन्हा जळली, ती वाइंडिंगला टाकायला गेलो. तिथं मोरपिसं विकणारा बसला होता, त्याच्याशी बोलत राहिलो. तो पार कच्छपासून पायी आलेला. घरी आलो तेव्हा लक्षात आलं, मोटर त्याच्याच बाजूला ओट्यावर ठेवून आलो. परत गेलो, मोटर होती. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आम्ही स्वि.ला गेलो कसे, ते तरी लिहून ठेवतो.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. नांदुऱ्यातून पुण्याला गेली, तिथंच इंजिनिअर झाली, तिथंच नोकरी, तिथंच भाऊजी. आता दोघं बर्नला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम. पोटुशीला एवढ्या दूर आणता येत नव्हतं, म्हणून माहेरच उचलून तिकडं न्यायचं ठरलं. माहेर म्हणजे माय. मायला वाचता येत नाही, भुसावळच्या पुढं कधी गेलेली नाही. एकटी कशी जाणार? बाबांना मिरची सोडून निघता येत नाही. राहिलो मी. बी.ए. दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. सुरत झालं, गोव्याचं हॉटेल झालं, नाशकात द्राक्षं भरून झाली. पासपोर्ट तेवढा होता, दुबईच्या नादात काढलेला. दुबई झाली नाही.

बाबा म्हणाले, "तुले भटकाचंच हाय ना? तं मायसंगं भटक एकडाव."

मायच्या बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, ओवा, वेखंड, बाळाची झबली-टोपडी. अन् जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या पाच गोवऱ्या. शेणाच्या. मला पत्ता नव्हता. बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची, तर ती गोवरीच्या विस्तवावरच देतात. तिकडं गोवरी भेटन की नाही, म्हणून तिनं घरूनच नेल्या. विमानतळावरून निघाल्या कशा, गजानन महाराज जाणे.

बाळ झालं, मुलगी. दहाव्या दिवशी मायनं गॅलरीत लोखंडी तव्यात गोवरी पेटवली अन् वरून ओवा टाकला. धूर जो निघाला तो सरळ तिसऱ्या मजल्यावर. वरच्या म्हाताऱ्यानं फोन केला. दहा मिनिटांत लाल गाडी, चार जण टोप घालून दारात. मायनं आधी डोक्यावर पदर घेतला, मग मला हळूच विचारलं, "गज्या, यायले च्या ठेवू का?"

एकानं गोवरी मोडून पाहिली, वास घेतला, माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "काऊ... काऊ केक." त्यानं लिहून घेतलं.

हसलो होतो मी तेव्हा. ताई हसली नाही. भाऊजी ऑफिसातून आले, ओरडले नाहीत. "आई, इथे असं नाही चालत हो," एवढंच. तवा स्वतः चार वेळा घासला, अन् मग कचऱ्यात टाकून दिला.

त्या दिवसापासून माय गॅस पेटवायच्या आधी विचारे. आपल्या लेकीच्या घरी. "मने, पेटवू का?"

१६ ऑगस्ट, शनिवार

आज लिहितोच.

तो गुरुवार होता. माय बाळाला तेल लावत होती. ताईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं.

"गज्या, परवा मायले घेऊन कुठंतरी फिरून ये. दिवसभर. सहाच्या आत येऊ नको."

"काऊन?"

"ह्यांच्या ऑफिसचे लोक येणार हायेत. घर लहान. माय अवघडते."

"तं मायले सांग तसं."

"नको सांगू. तुले फिराचं व्हतं, म्हणून तू नेलं, असं कर."

ताई माझ्याशी वऱ्हाडी बोलते. भाऊजी खोलीत आले की मधेच पुण्याची होते. बोलता बोलता रूळ बदलते, खडखडसुद्धा होत नाही.

गाव तिनंच काढून दिलं. मुर्तेन. बर्नहून गाडीनं अर्धा-पाऊण तास. म्हणे पाऊस सांगितला आहे, पण तिथल्या कोटावर छप्पर आहे, माय भिजणार नाही. तिकिटंही तिनंच काढून दिली.

ऑफिसचे लोक येणार, घर लहान. मला एवढंच माहीत होतं.

१९ ऑगस्ट

मायला भाऊजींनी दिलेले पांढरे बूट, लुगड्यावर स्वेटर, त्यावर पारदर्शक रेनकोट. ठेसनावर मी म्हटलं, "माय, तू पन्नीतल्या बाहुलीवानी दिसते." ती म्हणे, "दिसू दे. इथं कोन वयखते मले?"

गाडीत खिडकीशी बसली. डब्यात वीसेक माणसं, पण चिडीचूप. दोन ठेसनं गेल्यावर माझ्या कानाशी आली. "गज्या, लोकं बोलत काऊन नाईत रे? कोनी गेलं का?"

तिकिटवाला आला, तिनं हात जोडले. त्यानंही मान झुकवली. मग गायी दिसल्या, हिरव्यागार उतारावर, पावसात उभ्या. माय अस्वस्थ झाली. "भिजून राह्यल्या. बांधत काऊन नाईत गोठ्यात? धनी घरी नसन."

तिकडचा पाऊस आवाज करत नाही. आपल्याकडं टिनावर पडला की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथं खिडकीत पाह्यलं तरच समजते की पडून राह्यला.

मुर्तेनचं ठेसन खाली, गाव वर. चढ चढून गेलो. गावाला वेस आहे, आपल्यासारखीच, वर घड्याळ. आत एक रुंद रस्ता, दोन्ही अंगांनी घरं, घरांच्या खालून कमानी, अन् कमानींखालून चालायची वाट. खिडकी-खिडकीत लाल फुलं. चीजच्या दुकानापाशी मायनं पदर नाकाला लावला. दुकानवाली आतून हसली, माय पण पदराआडून हसली.

चर्चच्या मागून लाकडी जिना कोटावर जाते. वर खरंच छप्पर. लाकडी वाट, एका अंगाला भिंत अन् भिंतीत झरोके, दुसऱ्या अंगाला गावाची कौलं. शेकडो कौलं, सारी ओली, तपकिरी, अन् त्यांच्या पलीकडं तळं. मला एकदम खूप बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. वाटलं, इथंच राहावं, कौलं शाकारावी, कोणाला माहीत होऊ नये आपण कुठले. झरोक्यातून एक बाण मारायची नक्कल केली. माय म्हणे, "दम धर, पडशीन."

मग ती बसली. डब्यात धपाटे होते, लसणाची चटणी. एक म्हातारी आली, सोबत ओला कुत्रा. बाजूच्या फळीवर टेकली. मायनं न विचारता अर्धं धपाटं तिच्या हातावर ठेवलं. म्हातारीनं वास घेतला, खाल्लं, चटणीनं डोळ्यात पाणी आलं तरी मान हलवत खात राहिली. मायनं माझ्याकडून फोन घेऊन बाळाचा फोटो दाखवला. म्हातारीनं हात जोडून पाळणा केला, हलवला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता अन् दहा मिनिटं बोलल्या.

म्हातारी गेल्यावर माय बोटाच्या पेरांवर मोजायला लागली. मग म्हणे,

"गज्या, आज सव्वा महिना झाला रे बाळाले."

"मंग?"

"आज बाळंतीन उठते. आजच्या दिवशी बाळाले आंघोळ घालून, ओटी भरून... आजच्या दिवशी मले भायेर काऊन आनलं तू?"

मी म्हटलं, "तिकडं सव्वा महिना वगैरे मोजत नाईत, माय."

"लेक तं आपली हाय ना."

बाहेर कोणाची तरी शेळी ओट्यावर चढून तुळस खाऊन राह्यली. जातो.

२२ ऑगस्ट, पोळा

बैल नाहीत आमच्याकडं, मातीचे पुजले. पुरणपोळी झाली. आज सांगायचं, असं सकाळीच ठरवलं होतं. पुरण वाटत असताना मायजवळ जाऊन बसलो.

"माय, बाळाच्या बारशाचं काय करनार हाय?"

तिचा चेहराच खुलला. "काय म्हंजे? मने म्हने ना, दिवाळीले येते, तवा इथंच करू. मी शंभू मिस्तरीले सांगून ठेवलं, तुमच्यावाला पायना हाय ना माच्यावर, त्याची एक कडी तुटली. घुगऱ्याले हरभरे घरचे हायेतच. बायाइले मी सांगून राह्यली आतापासून. तिच्या सासरकडून आत्या येईन नाव ठेवाले, तिले साडी घ्या लागन."

"अन् ताई नाई आली तं?"

"काऊन नाई येईन?" अशी पाहिली माझ्याकडं. मग हात धुतले. "तुले काई म्हनाचं हाय का?"

"नाई. पुरनात जायफळ टाकलं का, थे इचारलं."

संध्याकाळी चौकात संज्या भेटला, माझ्यासोबत सुरतला होता तो. "चाल बे सुरतेले. पुन्हा मानसं घेऊन राह्यले कारखान्यात. इथं काय मायच्या पदराखाली बसला?" येतो म्हटलं. दोन सप्टेंबरची दुपारची गाडी.

२४ ऑगस्ट, रविवार

राहिलेलं लिहितो.

एक वाजता माय म्हणाली, चाल घरी. पाय गार पडले, अन् जीव लागत नाही. मी तिला कमानींखालून दोनदा फिरवलं, तळ्यापर्यंत नेलं, बदकं दाखवली. बदकं पाहून झाली. मग ठेसनावर आलोच.

दीडची गाडी उभी होती. माय चढायला निघाली. मी हात धरला.

"थे आपली नाई."

"आपन याच बाजूनं आलो ना? मंग परत जानारी हेच असन."

"दुसरीकडं जाते थे."

गेली. माय बाकावर बसली. वर पत्रा होता, पण पाऊस तिरपा येई, तिच्या बुटांवर पडे. अडीचची आली. त्याच फलाटावर, त्याच बाजूला तोंड. तीच लांबी, तोच रंग. मी म्हटलं, ही पण नाही.  माझी माय नांदुऱ्याची आहे. आमचं घर रुळापासून चार गल्ल्या. तिला अक्षर येत नाही, पण स्वयंपाक करता करता सांगते, वरची गेली, खालची उशिरा हाय, मालगाडी थांबून राह्यली. तिला मी गाडी समजावून सांगत होतो.

साडेतीनची आली. आमच्यापुढं दार उघडलं, आतून एक बाई बाबागाडी घेऊन उतरली, बाबागाडीत पोर. माय उठली, त्या पोराकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. दार उघडंच होतं. मी मोबाइलमध्ये तोंड घातलं. दार लागलं.

ती परत बसली. रेनकोटची बटनं एकेक लावत म्हणाली,

"सांगशीन तवा चालू."

बस. पुन्हा विचारलं नाही. साडेचारच्या गाडीत मी म्हटलं, "चाल माय, हे आपली." ती उठली, चढली, अन् बर्न येईतो खिडकीबाहेर पाहत राहिली.

घरी पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. घर लखलखीत. कोणी नव्हतं. भाऊजी भांडी पुसत होते, नको इतकं हसून म्हणाले, "कशी झाली ट्रिप?" ताई आत बाळाजवळ. मायनं हात धुवायला नळ सोडला. नळाखाली चाळणीत मूठभर घुगऱ्या राहिल्या होत्या.

मायनं एक दाणा उचलला, बोटांनी दाबून पाहिला.

"हरभरे शिजवले व्हते का?"

ताई आतून, "हो गं आई. सॅलडला."

"चांगले शिजले," माय म्हणाली. दाणा तोंडात टाकला.

२६ ऑगस्ट

सोळा तारखेला खोटं लिहिलं. "मला एवढंच माहीत होतं." वही माझी, वाचणार मी, तरी खोटं.

मला माहीत होतं. त्या गुरुवारी ताईनं सारं सांगितलं होतं. शनिवारी बारसं. तिची सासू अन् नणंद बुधवारीच पुण्याहून आलेल्या, हॉटेलात उतरलेल्या. भाऊजींचे साहेब, ऑफिसची माणसं, तिकडच्या बाया, सारे येणार. पाळणा भाड्यानं आणून सोफ्यामागं लपवलेला, तो मी पाहिला होता. मी म्हटलं, अन् माय? तर म्हणे, माय आली की धुरी काढीन, मोठ्यानं पाळणे म्हणन, साहेबाच्या बायकोला खाली बसवून ओटी भरन. गोवऱ्यांची गोष्ट अजून ऑफिसात हसून सांगतात गज्या. मायला सांगू, बारसं दिवाळीत नांदुऱ्याला आहे.

मी नाही म्हणू शकत होतो. म्हणायला तोंड उघडलंही. तेवढ्यात ताई म्हणाली, बर्नमध्ये एक हॉटेलवाला आहे, पंजाबी, त्याला भांडी धुवायला, कांदे कापायला माणूस लागतो. मी बोलते त्याच्याशी. तुझं इथंच जमून जाईल.

मी तोंड मिटलं.

हे आहे ते. मायला तीन तास पावसात बसवलं ते कांदे कापायच्या नोकरीसाठी. हॉटेलवाल्यानं कागद मागितले, माझ्याकडं कसले कागद. दोन दिवसांत विषय संपला. ताईनं पुन्हा काढला नाही, मी पण नाही.

अन् इथं मी गुणाचा.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

शंभू मिस्तरी पाळण्याला नवी कडी बसवून गेला. मायनं पाळणा पुसून मधल्या खोलीत टांगला. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, म्हणून त्यात उशी ठेवली आहे. येता-जाता डोकं आपटते माझं.

आज आठवडी बाजारात शकूकाकूच्या सुनेनं मला थांबवलं. "गजूभाऊ, तुमच्या भाचीचं नाव इरा ठेवलं का हो? ताईच्या नणंदेनं फोटो टाकले." फोन दाखवला. पाळणा, फुगे, साहेबाची बायको, ताई हिरव्या साडीत. मी म्हटलं, शकूकाकूला दाखवू नका. ती म्हणे, "काऊन?" मी निघालो.

सरळ रुळाच्या बाजूला गेलो अन् ताईला फोन लावला.

"ताई, आता तू सांग मायले. पायना टांगला तिनं."

 ती म्हणे, "तू सांग ना गज्या. मले नाई होत."

"भाऊजीले सांग. त्याइनंच ठरवलं ना? त्याइनं नाई तं तुह्या सासूनं."

"त्यांनी नाई ठरवलं." बराच वेळ गाडीच गेली मधून, मालगाडी, काही ऐकू आलं नाही. गाडी संपली तेव्हा ती रडून राह्यली होती. "हे तं म्हणत होते, आई पाहिजेतच. सासूबाई पण. मीच म्हटलं नको. मीच, गज्या."

"अन् तुह्या सासूले काय सांगतलं मंग?"

"सांगितलं... की मायच म्हणाली. मले लोकांत अवघडते, तुमचं तुम्ही करा, मी गजूसंगं फिरून येते. म्हणून."

मला आठवलं, दुसऱ्या दिवशी सासूबाई घरी आल्या होत्या. माय पुढं झाली तर त्या लांबूनच बोलल्या. "काल मजा केलीत म्हणे तुम्ही." मला वाटलं होतं, टोमणा मारून राह्यली, हाकलून दिलं अन् वरून मजा. शिवी दिली होती मनात. ती बाई तर मायवर रागावलेली होती. अन् मायनं काय उत्तर दिलं? "हाव, लय मजा आली. गजूनं नेलं."

ताईला म्हटलं, तू बेइमान हाय. ती म्हणे, अन् तू? फोन कोणी ठेवला आठवत नाही.

माय खरंच काही जाणत नाही, की सारं जाणून मला खेळवून राह्यली? घुगऱ्याचा दाणा दाबून पाहणारी बाई दिवाळीची वाट कशी पाहते? की ती पाळणा यासाठीच टांगते, की आम्हा दोघांपैकी कोणीतरी एक त्याखाली बसून तोंड उघडावं?

समजत नाही. समजून घ्यायची हिंमत पण नाही.

१ सप्टेंबर

बॅग भरली. मायनं विचारलं, कुठं? म्हटलं, सुरत. तिनं ज्वारीच्या भाकरी सुकवून बांधून दिल्या, चटणी दिली. "दिवाळीले ये. मामा लागते बारशाले."

बाबा म्हणाले, "जाऊ दे त्याले. सांगाच्या येळेवर हा कधीच घरी नसते." म्हणजे बाबांना पण? की सहज बोलले? विचारलं नाही. मी नाहीच विचारत.

२ सप्टेंबर, मंगळवार, दुपार

घाईत लिहून राह्यलो. आतल्या खोलीत आहे, बॅग पायाशी, संज्या ठेसनावरून दोनदा फोन करून चुकला.

अकराला दारात ऑटो थांबला. वाटलं, संज्याच आला. तर त्यातून छत्री उघडत ताईची सासू उतरली. एकटी. हातात एक पिशवी, साडीचा काठ चिखलात. पुण्याहून शेगावला दर्शनाला निघाल्या, म्हणे, अन् नांदुरा आलं तशा उतरून गेल्या. कोणाला सांगितलेलं नाही, ताईला पण नाही. ठेसनावर विचारत विचारत आल्या.

माय धावत गेली. "या, या इहीनबाई! फोन तरी कराचा. गज्याले पाठवलं असतं."

"फोनवर बोलायचं नव्हतं मला."

पाय धुवायला पाणी दिलं. चहा झाला. मधल्या खोलीतच बसल्या दोघी, पाळणा दोघींच्या मधोमध. पोहे खाता का, मिरची कशी आहे, तुमच्याकडं पाऊस किती, सारं झालं.  मी बॅगेचा पट्टा धरून उभा. मागचं दार उघडं आहे, गाडीला अजून पंचवीस मिनिटं.

मग सासूबाईंचा आवाज. हळू, पण प्रत्येक शब्द येते इकडं.

"हा पाळणा कशाला काढलात, मनीषाच्या आई?"

  बांगड्यांचा आवाज आला, कपबशा गोळा केल्याचा.

"मला एक विचारायचंय. दोन महिने मनात घेऊन बसलेय. तुम्हाला विचारल्याशिवाय शेगावला नाही जाणार."

"इचारा नं," माय म्हणाली. "पन थांबा. पोरगं हाय घरी."

अन् मग मला हाक. मोठ्यानं नाही, शेजारी उभा असल्यासारखी.

"गज्या, बॅग ठेव अन् भायेर ये. इहीनबाई काय इचारते, थे तूच सांग त्याइले."